केळीबागेतली लिंक: कॉल अखेर व्हॉइसच्या रांगेत

यावलकडच्या शेत-घर लिंकचं, म्हणजे शेत आणि घर जोडणाऱ्या वाय-फायचं, कोडं सुटलं. कॅमेरे चालू झाले की बागेतला वाय-फाय कॉल तुटायचा, केकमध्ये (राउटरवरची रांग सांभाळणारा प्रोग्रॅम) डिफसर्व्ह4, म्हणजे खुणेनुसार चार रांगा, लावूनही. पण दोष केकचा नव्हताच.

वाय-फाय कॉलिंग यूडीपीच्या 4500 पोर्टवरून जातं. त्याच्या पॅकेटांवर ईएफ (46) ही डीएससीपी, म्हणजे प्राधान्याची खूण होती. कोणती खूण कोणत्या रांगेत हे सांगणारा मॅप दिलेला नसेल, तर जुन्या लिनक्सचा वायरलेस थर डीएससीपीचे वरचे तीनच बिट बघतो. 46 चे होतात 5, कॅमेऱ्यांच्या एएफ41 चे (34) होतात 4, आणि 4-5 दोन्ही वाय-फायच्या व्हिडिओ रांगेत. केक कॉलला पुढे काढायचा, रेडिओ त्याला परत चार कॅमेऱ्यांच्या 16 एमबीपीएसमध्ये ढकलायचा!

घरच्या एपीवर (ॲक्सेस पॉइंट) तो क्यूओएस मॅप देऊन 46 ला 6 वर, म्हणजे व्हॉइसच्या रांगेत, नेलं. घराकडून शेताकडचा आवाज स्वच्छ झाला, उलट दिशा तशीच राहिली. क्लायंट, म्हणजे शेताकडचं टोक, एपीचा मॅप उचलेलच असं नाही. म्हणून शेतातल्या राउटरवर एनएफटेबल्सच्या (लिनक्सची फायरवॉल) पोस्टराउटिंगमध्येच, म्हणजे पॅकेट बाहेर पडताना, 4500 ला सीएस6 (48) लावा: वरचे बिट 6, थेट व्हॉइस. सीएस6 नेटवर्क कंट्रोलची खूण आहे, तेव्हा इंटरनेटकडे जाताना घरच्या राउटरवर ती 0 करायची. आता चारही कॅमेरे चालू असताना कॉल अखंड चालतो. फार समाधान वाटतं ऐकताना.

मोह झाला तरी कॅमेरे व्हॉइसमध्ये टाकू नका. तिथे मिनस्ट्रेल (लिनक्सचा वाय-फाय वेग ठरवणारा भाग) ॲग्रिगेशन, म्हणजे फ्रेम एकत्र बांधून पाठवणं, सुरू करत नाही, सुटी फ्रेम एअरटाइम खाते. व्हॉल्व्हचे एमक्यूटीटी संदेश बेस्ट एफर्टमध्येच, म्हणजे साध्या रांगेत, बरे.

उरली केळी. जी-नाइन (केळीचं वाण) वाढली की एमसीएस, म्हणजे लिंकच्या वेगाची पायरी, घसरतो, केकला दिलेला 40 एमबीपीएसचा आकडा खोटा ठरतो आणि रांग रेडिओत साचते. 5.8 गिगाहर्ट्झला 1 किलोमीटरवर मधोमध फ्रेनेल त्रिज्या (लहरींना लागणाऱ्या मोकळ्या पट्ट्याची) 3.6 मीटर, त्यातली 60 टक्के, म्हणजे 2.2 मीटर, पानांच्या वर मोकळी हवी. शेताकडचा अँटेनाचा पाइप 12 वरून 20 फुटांवर न्यायचं ठरलं होतं. पीओईची (डेटासोबत वीज नेणारी) केबलही तेव्हाच बदलायची, शुद्ध तांब्याची. सीसीए (तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची) लांब अंतरावर व्होल्टेज पाडते, स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

पण हे लिहितानाच सुचलं: एनव्हीआरच (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) शेतातल्या खोलीत ठेवला तर? लिंकवर फक्त सबस्ट्रीम, म्हणजे कमी दर्जाचं चित्र, 512 केबीपीएसचे चार, म्हणजे जेमतेम 2 एमबीपीएस. 20 मेगाहर्ट्झच्या एमसीएस0 या सर्वांत खालच्या पायरीलाही 6.5 एमबीपीएसचा फिजिकल रेट असतो. चोरीची भीती आहेच, म्हणून हालचालीच्या क्लिप सीएस1 खुणेने बल्कमधून, म्हणजे सर्वांत मागच्या रांगेतून, लगेच घरी पाठवायच्या. शेतीचा फीडर बंद असताना 12 व्होल्टच्या बॅटरीवर एनव्हीआर किती तास टिकतो, ते आधी मोजू. पाइप तोवर 12 फुटांवरच.