हिंजवडी ते ॲप स्टोअर: चतुर्थीआधी पोहोचायचं तर

उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेणारं ॲप चतुर्थीनंतर मंजूर झालं तर काय उपयोग? ॲपलच्या म्हणण्याप्रमाणे ९० टक्के ॲप्स सरासरी २४ तासांच्या आत तपासली जातात. खरे दिवस जातात ते परत आलेलं ॲप दुरुस्त करून पुन्हा रांगेत लावण्यात.

पहिला मुक्काम 'प्रोसेसिंग', म्हणजे ॲप अपलोड केल्यावर होणारी यांत्रिक तपासणी. बिल्ड नंबर, म्हणजे अपलोड केलेल्या प्रत्येक प्रतीचा (बिल्डचा) क्रमांक, वाढवला नसेल तर अपलोडच नाकारलं जातं. कॅमेरा का हवा, हे इन्फो डॉट पीलिस्ट या ॲपच्या माहिती-फाइलमध्ये लिहिलं नसेल तर आयटीएमएस-९०६८३ अशा त्रुटी-क्रमांकाची मेल येते. तोवर माणसाने ॲप पाहिलेलंही नसतं.

मग 'वेटिंग फॉर रिव्ह्यू' (रांगेत) आणि 'इन रिव्ह्यू' (माणसाकडून तपासणी). आपल्याकडची ॲप्स इथे अडकतात ती ओटीपीपाशी. तपासणाऱ्याकडे भारतीय सिम नसतं, त्याला एसएमएस मिळत नाही, आणि ॲप ॲपलच्या नियम २.१ खाली (ॲप पूर्ण आणि तपासता येण्याजोगं हवं) परत येतं. म्हणून सर्व्हरवर एक चाचणी नंबर आणि त्याचा कायम एकच ओटीपी ठेवा. दोन्ही ॲप पाठवतानाच्या 'ॲप रिव्ह्यू इन्फर्मेशन' या रकान्यात लिहा. त्या खात्यात नमुन्याच्या चार ऑर्डरी भरून ठेवा. पोहोच फक्त कोथरूड-कर्वेनगरपुरती असेल तर या खात्याला ती अट लावू नका. सर्व्हरची फायरवॉल (सुरक्षा-भिंत) भारताबाहेरचे आयपी, म्हणजे परदेशातले इंटरनेट पत्ते, अडवत असेल तर तीही तेवढ्यापुरती उघडा. हे हमखास राहून जातं.

मोदकांचे पैसे यूपीआयने घेता येतात, कारण वस्तू खरी आहे. मोदक शिकवणारे व्हिडिओ ॲपमध्ये विकायचे तर मात्र इन-ॲप पर्चेस, म्हणजे ॲपलचीच पेमेंट व्यवस्था, लागतं. ॲपमध्ये खातं उघडता येत असेल तर ते तिथूनच कायमचं डिलीटही करता आलं पाहिजे. ३० जून २०२२ पासून ही सक्ती आहे.

चूक फक्त स्क्रीनशॉटची किंवा वर्णनाची असेल तर नवं बिल्ड लागत नाही. दुरुस्त करून पुन्हा पाठवा.

अँड्रॉइडची वाट वेगळी. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या गूगल प्लेच्या वैयक्तिक डेव्हलपर खात्याला १२ टेस्टरांसह सलग १४ दिवस क्लोज्ड टेस्टिंग (निवडक लोकांपुरती चाचणी) करावंच लागतं. त्यानंतर प्रॉडक्शनसाठी, म्हणजे सर्वांसाठी खुलं करण्यासाठी, अर्ज, आणि तपासणीला सात दिवस किंवा त्याहून जास्तही लागू शकतात. श्रावण लागण्याआधीच सुरुवात करा.

ॲपलकडे 'मॅन्युअल रिलीज' (मंजुरीनंतर आपण बटण दाबेपर्यंत ॲप प्रसिद्ध होत नाही) निवडून मंजुरी आधीच घेऊन ठेवा. बटण मात्र ऑर्डरी सुरू करायच्या किमान एक दिवस आधी दाबा, कारण ॲप स्टोअरवर दिसायला २४ तासांपर्यंत लागू शकतात.