तुम्ही विचारलंत म्हणून: आयईपीच्या मीटिंगला आपण काय बोलायचं?

न्यू जर्सीत कुणा मराठी घरातल्या मुलाचं नाव शाळेने स्पेशल एज्युकेशनसाठी सुचवलं, की थोड्याच दिवसांत मला फोन येतो. प्रश्न ठरलेला असतो. "ताई, आयईपीची मीटिंग आहे. एवढी तज्ज्ञ मंडळी बसणार, त्यांच्यापुढे आपण काय बोलणार?" (आयईपी म्हणजे मुलाला शाळेत काय मदत द्यायची आणि त्याने काय गाठायचं, याचा लेखी आराखडा.) माझा मुलगा याच वाटेने गेला, म्हणून फोन माझ्याकडे येतो. फोनवर तुटक तुटक सांगते ते इथे सलग लिहिते.

आधी तिथली आपली खुर्ची कुणाची ते कळू द्या. 1975 पर्यंत अमेरिकेत शाळा अशा मुलांना सरळ नाकारू शकत होत्या. पेन्सिल्व्हेनियात आणि वॉशिंग्टन डीसीत पालक कोर्टात गेले, 1972 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागले आणि तीन वर्षांनी देशभरासाठी कायदा झाला. आज त्या कायद्याला आपण आयडिया (IDEA) म्हणतो. त्यात पालक हे आयईपी ठरवणाऱ्या टीमचे सदस्य आहेत. शाळेने बोलावलेले पाहुणे नव्हेत.

आता आपल्या लोकांचं काय होतं ते सांगते. दिवसभर क्लायंटशी हुज्जत घालणारा इंजिनिअर बाप त्या खोलीत शिरला की एकदम गरीब होतो. सायकॉलॉजिस्ट, स्पीच थेरपिस्ट, वर्गशिक्षिका, केस मॅनेजर भराभर पानं वाचतात आणि हा मान डोलावून म्हणतो, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा." बाईंपुढे उलट बोलू नये हे आपल्या अंगात मुरलेलं असतं. समोरच्यांना मात्र त्या गप्प बसण्यात आदर दिसत नाही. त्यांना वाटतं, पालकांना सगळं मान्य आहे, किंवा फारसं पडलेलं नाही. कृष्णवर्णीय आया सांगतात ते याच्या उलट: त्या बोलल्या की 'भांडखोर' ठरतात. म्हणजे गोऱ्या नसलेल्या पालकाने गप्प बसलं तरी पंचाईत आणि बोललं तरी पंचाईत. मग बोललेलं बरं.

बोलायचं काय? तज्ज्ञांना जे दिसत नाही ते. मूल्यमापनात पालकांकडून एक प्रश्नावली भरून घेतात. मूल स्वतःच्या हाताने जेवतं का, काटा-चमचा वापरतं का, एकटं झोपतं का, कपडे स्वतः घालतं का. आपल्याकडे सहा वर्षांच्या पोराला आजी कौतुकाने भरवते आणि ते आईच्या कुशीत झोपतं. आपण प्रामाणिकपणे 'नाही, नाही, नाही' लिहितो. गुण घसरतात आणि रिपोर्टमध्ये येतं की रोजच्या व्यवहारात मूल खूप मागे आहे. त्याला जमत नाही, की आपण करू देत नाही, हा फरक त्या कागदाला कळत नाही. तो तुम्हीच सांगायचा, आणि रिपोर्टात लिहून घ्यायचा.

हे क्षुल्लक वाटत असेल तर कॅलिफोर्नियातली, डायना नावाच्या मुलीच्या नावाने ओळखली जाणारी केस ऐका. स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांची इंग्रजीत बुद्धिमापन चाचणी घेऊन त्यांना मतिमंदांच्या वर्गात बसवलं होतं. त्यांच्या भाषेत पुन्हा चाचणी घेतल्यावर बहुतेक मुलं त्या वर्गातली नव्हतीच असं निघालं. 1970 मध्ये तडजोड झाली. आज मुलाची चाचणी त्याच्या भाषेत घ्यावी असं आयडियातच आहे, आणि मीटिंगला दुभाषा हवा असेल तर तो शाळेने द्यायचा, फुकट. मोठ्या बहिणीला दुभाषी करून बसवू नका. भावाबद्दल ती खोलीत काय काय ऐकेल, याचा विचार करा. आणि "आम्हाला इंग्रजी येतं" म्हणून तोरा मिरवू नका. ऑफिसात पुरणारं इंग्रजी या रिपोर्टांना पुरत नाही.

भाषेवरून आठवलं. "घरी फक्त इंग्रजी बोला" असा सल्ला अजूनही कुणी ना कुणी देतं. दोन भाषांमुळे ऑटिझम किंवा बोलण्यातला उशीर वाढतो, याला संशोधनात आधार मिळालेला नाही. आजीशी बोलणं बंद करून पोराला काय मिळणार?

आपल्या मुलांची आणखी एक वेगळीच गंमत आहे, गंमत कसली म्हणा. भारतीय मूल म्हणजे हुशारच, असा समज असतो. त्यामुळे "येईल हळूहळू" म्हणत शाळाच दिवस ढकलते. अशा वेळी तोंडी विनंती करत बसू नका. मूल्यमापनाची मागणी लेखी द्या, तारीख घाला. न्यू जर्सीत मग शाळेला सुट्ट्या वगळून 20 दिवसांत, मूल्यमापन करायचं का हे ठरवायला, मीटिंग घ्यावी लागते.

मीटिंगला जाताना एक पान लिहून न्या: घरी काय जमतं, कशाने बिथरतं, तुम्हाला वर्षभरात काय दिसायला हवंय. ते पालकांच्या म्हणण्याच्या रकान्यात जसंच्या तसं घालायला सांगा. उद्दिष्टं वाचताना अडवा. 'पाचपैकी चार वेळा सूचना पाळेल' असं लिहिलं असेल, तर कुठली सूचना, कोण मोजणार, आज किती वेळा पाळतो, हे विचारा. उत्तर द्यायला त्यांना पानं उलटावी लागली तर लागू देत.

आणि सहीची घाई नको. हजेरीची सही वेगळी, संमतीची वेगळी. पहिली आयईपी तुमच्या लेखी संमतीशिवाय सुरूच होत नाही. पुढच्या वर्षीच्या मात्र तुम्ही 15 दिवस गप्प राहिलात तर आपोआप लागू होतात, म्हणून हरकत असेल तर त्या मुदतीत लेखी कळवा. शाळेचं मूल्यमापन पटलं नाही तर बाहेरच्या तज्ज्ञाकडून शाळेच्या खर्चाने दुसरं मागता येतं. शाळेला ते द्यायचं नसेल, तर आपलं मूल्यमापन योग्य होतं हे तिलाच सुनावणीत सिद्ध करावं लागतं. अडलात तर प्रत्येक राज्यात केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणारं पालक केंद्र असतं, न्यू जर्सीत ते स्पॅन. फोन करायला पैसे पडत नाहीत, आणि तुम्ही फोन केल्याचं मराठी मंडळात कुणाला कळत नाही. हे शेवटचं सांगते कारण पुष्कळ जण तेवढ्यासाठीच थांबलेले असतात.