आर्केड स्टिकची बाजारफेरी: बंद पडलेला माल का उचलावा

संगणकावर आर्केडचे खेळ खेळायला दणकट स्टिक (खोक्यावर बसवलेला दांडा आणि बटणं) हवी, पण नावाजलेली नवी कोरी परवडत नाही, अशांसाठी ही फेरी. टप्पे चार: जुन्या व्हिडिओ गेमचा माल विकणारे, आर्केड मशीन दुरुस्त करणारे, इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग आणि शेवटी प्लायवाला. मत आधीच सांगून टाकतो. सगळ्यात फायद्याचा सौदा म्हणजे ‘बंद आहे, बघा घ्यायची तर’ म्हणून कोपऱ्यात टाकलेली स्टिक. तिचा दांडा आणि खोका सहसा ठणठणीत असतो. गेलेली असते केबल, नाहीतर आतला बोर्ड, म्हणजे दांडा नि बटणांची हालचाल संगणकाला कळवणारी पाटी. आणि पूर्ण स्टिकमध्ये स्वस्तात बदलता येणारी वस्तू म्हणजे बोर्डच.

निघताना पिशवीत मल्टीमीटर, फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, ॲलन की, पट्टी आणि लॅपटॉप हवा. मल्टीमीटर बीप देणारा घ्या, म्हणजे नजर स्टिकवर ठेवता येते.

जुना माल

‘जॉयस्टिक आहे का’ असं विचारलं की विमान उडवायच्या खेळांची स्टिक पुढे येते. ती ॲनालॉग असते: दांडा किती कलला ते आत पोटेन्शिओमीटर मोजतो. आर्केडच्या दांड्याखाली चार मायक्रोस्विच असतात आणि त्यांना फक्त चालू नि बंद कळतं. हातात धरून हलवा. चारही दिशांना स्पष्ट टिक् असा आवाज आला तर पुढची चौकशी करायची, नाहीतर खाली ठेवायची. जाड १५ पिनांच्या प्लगची संगणकाची जुनी जॉयस्टिकही ॲनालॉगच, ती इथे उपयोगाची नाही.

अटारीच्या काळातली ९ पिनांची स्टिक मात्र साधी स्विचवालीच. १ वर, २ खाली, ३ डावी, ४ उजवी, ६ बटण, ८ ग्राउंड (सगळ्या स्विचांची सामाईक वायर). कुठल्याही बोर्डाला थेट जोडता येते. बटण एकच, त्यामुळे मारामारीच्या खेळांना निरुपयोगी, पण चक्रव्यूहाच्या खेळांना पुरते.

खरा माल म्हणजे कन्सोलच्या स्टिक, आणि इथे कोणत्या कन्सोलची हे महत्त्वाचं. एक्सबॉक्स ३६० ची वायरवाली स्टिक विंडोजला लावली की लगेच चालते, कारण ती एक्सइनपुट ही विंडोजची कंट्रोलरसाठीची नवी भाषा बोलते आणि आजचे बहुतेक खेळ तेच ऐकतात. पीएस३ ची स्टिक यूएसबीची असली तरी सहसा डायरेक्टइनपुट ही जुनी भाषा बोलते. मेमला (जुने आर्केड खेळ संगणकावर चालवणारं सॉफ्टवेअर) ती पुरते, पण बऱ्याच नव्या खेळांना ती दिसतच नाही. मग स्टीम या खेळ विकणाऱ्या ॲपमधून बटणं जुळवून घ्यावी लागतात. पीएस२ आणि त्याआधीच्या स्टिकला यूएसबी नाही. अडॅप्टर लावून चालतात, पण अडॅप्टर स्वतःची दिरंगाई घालतो. अशी स्टिक चालू स्थितीत असली तरी बंद समजूनच भाव करा, कारण तिचा बोर्ड काढून टाकायचा आहे.

२००९ साली स्ट्रीट फायटर ४ बरोबर मॅड कॅट्झने दोन प्रकारच्या स्टिक आणल्या. महागड्या टीईमध्ये दांडा आणि बटणं जपानी सान्वाची. स्वस्त एसईमध्ये त्यांचे स्वतःचे भाग, पण तिथे सान्वाचे भाग बसतात. कंपनी २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली, म्हणून कुणी ‘आता पार्ट मिळत नाहीत’ म्हणालं तर मनावर घेऊ नका. झिजणारे भाग तिचे नव्हतेच. होरीच्या रिअल आर्केड प्रो मालिकेतल्या स्टिकही उघडायला सोप्या. अगदी छोट्या, मांडीवरून घसरणाऱ्या स्टिक टाळा. हलक्या खोक्यावर दांडा ओढला की खोकाच सरकतो, आणि मोठी बटणं बसवायला आत जागाही नसते.

नवीच हवी असेल तर मेफ्लॅश एफ३०० पाहा. दांडा आणि बटणं साधारण दर्जाची, पण ३० मिलिमीटरची बटणं आणि सान्वाचा जेएलएफ दांडा तिच्यात बसतो, आणि एक्सइनपुट-डायरेक्टइनपुट बदलायची सोय आहे. आधी तशीच वापरा, वर्षभराने दांडा बदला.

उघडून पाहणं

विक्रेत्याला विचारून खालचे स्क्रू काढा. बघू देत नसेल तर बंद मालाचा भाव अजून खाली आणा, नाहीतर पुढे चला. उघडल्यावर दांड्याच्या बुडाशी छोटी पट्टी आणि पाच पिनांचं पांढरं कनेक्टर दिसलं तर काम सोपं: चार दिशा आणि एक ग्राउंड. ते बोर्डातून सोडवा. मल्टीमीटरचं एक टोक कडेच्या ग्राउंडच्या पिनला, दुसरं बाकीच्या चारांना एकेक करून लावा आणि दांडा हलवा. प्रत्येक दिशेला एकच पिन वाजली पाहिजे आणि कोपऱ्यात एकाच वेळी दोन. टिक् होतंय पण बीप नाही, तर मायक्रोस्विचचे संपर्क काळे पडलेत किंवा पट्टीवरचा सोल्डरचा डाग तडकलाय. दोन्ही दुरुस्त होतं. दांडा सोडल्यावर मध्ये येत नाही, तर स्प्रिंग, तीही बदलते. पण धातूची प्लेट वाकलेली किंवा दांड्याचा टेकू झिजून मोकळा डुगडुगत असेल तर अख्खा दांडा बदलायची तयारी ठेवा.

बटणांचं माप घ्या. मुख्य बटणांचं भोक ३० मिलिमीटर, स्टार्ट-सिलेक्टचं बहुधा २४. हे जुळलं तर पुढे कुठलंही बटण बसेल. मोजल्यावर २७ किंवा २९ निघालं तर ते त्या कंपनीचं खास बटण, मेलं की संपलं. वरचं डिझाइन सुंदर आहे म्हणून इथे फसायला होतं.

एक्सबॉक्स ३६० च्या वायरी मध्येच सुटून येणाऱ्या जोडाच्या असू शकतात. ओढ बसली तर कन्सोल पडू नये म्हणून. जुन्या मालात तो यूएसबीकडचा तुकडा हरवलेला असतो आणि स्टिक ‘बंद’ ठरते. केबल तिथूनच कापून साधी यूएसबी केबल जोडता येते: लाल ५ व्होल्ट, काळी ग्राउंड, पांढरी आणि हिरवी डेटा. रंगांवर विसंबू नका. कापलेल्या दोन्ही टोकांची तपासणी मल्टीमीटरने करा, मगच डाग द्या.

आर्केड मशीनवाले

यांच्याकडे सुटे दांडे आणि बटणं ढिगाने असतात. अमेरिकी पद्धतीची बटणं लांब दांड्याची, नटाने कसायची आणि साधारण २८ मिलिमीटरच्या भोकाची. खाली मोठा मायक्रोस्विच लोंबतो, त्यामुळे खोका खोल लागतो. लग, म्हणजे वायर अडकवायचे पत्र्याचे पाय, ४.८ मिलिमीटरचे. जपानी बटणाचे लग २.८ चे. वायरी घेताना हे विसरलं की घरी येऊन लग चेपत बसावं लागतं.

मायक्रोस्विचला तीन पाय असतात: कॉमन, नॉर्मली ओपन, नॉर्मली क्लोज्ड. वायर पहिल्या दोघांना. तिसऱ्याला लागली तर बटण कायम दाबलेलं दिसतं आणि दाबलं की सुटतं; नव्या जुळणीत सर्वाधिक वेळा हीच चूक निघते. सान्वाच्या बटणाला दोनच पाय, कोणती वायर कुठे याने फरक पडत नाही.

दांड्याखाली स्विचऐवजी प्रकाशाचे सेन्सर दिसले तर त्याला ५ व्होल्टचा पुरवठा लागतो. पहिल्याच जुळणीत त्या भानगडीत पडू नये. चक्रव्यूहाच्या मशीनमधून काढलेला दांडा चारच दिशांचा असू शकतो. कोपऱ्यात ढकलून पाहा. दोन टिक् येत नसतील आणि खालची प्लेट फिरवताही येत नसेल तर मारामारीचे खेळ विसरा.

बोर्ड

सुट्या भागांच्या दुकानात दोन पर्याय समोर येतात. पहिला, ‘झिरो डिले’ नावाने विकला जाणारा तयार यूएसबी बोर्ड. सोबत वायरींचा जुडगा आणि पाच पिनांची पट्टी, सोल्डरिंग शून्य. तो लो-स्पीड यूएसबीवर चालतो, म्हणजे संगणक त्याला साधारण ८ मिलिसेकंदांनी एकदा विचारतो. ६० फ्रेमच्या खेळात एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, तेव्हा गोळ्या झाडायच्या आणि उड्या मारायच्या खेळांना हा बोर्ड चालून जातो. त्याचे प्लग ढिले असतात. बसवल्यावर गरम गोंदाचा ठिपका द्या. बोलतो डायरेक्टइनपुट.

दुसरा, रास्पबेरी पाय पिको हा छोटा बोर्ड आणि त्यावर जीपी२०४०-सीई हे मुक्त फर्मवेअर (बोर्डात भरायचं सॉफ्टवेअर). आमची निवड हीच. किंमत पहिल्याच्या आसपास, एक्सइनपुट बोलतो आणि संगणकाशी मिलिसेकंदाला एकदा बोलतो. कष्ट एवढेच की वायरी डाग देऊन जोडायच्या. पिकोवरचं बूटसेल बटण दाबून धरा, केबल लावा. संगणकावर पेन ड्राइव्हसारखी खिडकी उघडते. आपल्या पिकोच्या प्रकाराची यूएफ२ फाइल तिच्यात टाका. खिडकी आपोआप बंद झाली की पिको गेम कंट्रोलर झाला. साध्या पिकोवर वर, खाली, उजवी, डावी या दिशा जीपी२ ते जीपी५ या पिनांवर, याच क्रमाने. पहिली दोन बटणं जीपी६ आणि जीपी७ वर. प्रत्येक स्विचचा एक पाय आपापल्या पिनला, दुसरा ग्राउंडला. वेगळा रेझिस्टर लागत नाही. स्टार्ट दाबून केबल लावली की ब्राउझरमध्ये १९२.१६८.७.१ या पत्त्यावर सेटिंग उघडतं, तिथे पिना बदलता येतात.

खिडकी उघडलीच नाही तर पिकोला दोष देण्याआधी केबल बदला. मोबाइलच्या बऱ्याच केबलींत चार्जिंगच्याच वायरी असतात, डेटाच्या नसतात. आणि दुकानदार पिकोऐवजी आर्डुइनो उनो आर३ हा बोर्ड देऊ लागला तर नको म्हणा. कीबोर्ड किंवा जॉयस्टिक म्हणून सरळ ओळख पटवणारी चिप लिओनार्डो आणि प्रो मायक्रो या बोर्डांवर असते, उनो आर३ वर नाही.

ग्राउंडची एकच वायर सगळ्या बटणांतून ओवत नेतात. म्हणून एका जागी ती तुटली की पुढची सगळी बटणं एकदम मरतात. चार बटणं एकत्र गेली तर चार बिघाड शोधू नका.

खोका

जुनी स्टिक मिळाली असेल तर हा टप्पा वगळा. नसेल तर रुंदी ३५ ते ४० सेंटिमीटर, खोली २५ च्या आसपास, आतली उंची किमान ६. दांड्याला २४ चं भोक, बटणांना ३०, बटणांच्या मध्यांत ३६ मिलिमीटर. भोक पाडताना खाली टाकाऊ लाकूड ठेवा, म्हणजे प्लायच्या कडा फाटत नाहीत. लाकडावर खाचेत बसणारी बटणं धरत नाहीत, नटाची घ्या. दांडा १२ मिलिमीटर प्लायखाली सरळ लावला तर वर बुटका पडतो. खालून खाच पाडा, किंवा वरचा भाग पातळ पत्र्याचा करा. केबल आत गाठ मारून बाहेर काढा.

तपासणी

विंडोजच्या रन खिडकीत जॉय, टिंब, सीपीएल हे इंग्रजीत सलग टाइप केलं की कंट्रोलरची यादी येते. दांडा गोल फिरवा. आठही दिशा क्रमाने दिसल्या पाहिजेत. वर ढकलल्यावर खाली आणि डावीकडे ढकलल्यावर उजवीकडे जात असेल तर दांडा अर्धा फेरा उलटा बसलाय; स्क्रू काढून फिरवा. पाच पिनांचा प्लगच उलटा घालून हे सुधारू नका, ग्राउंड कडेला असल्याने ती पिन दिशेवर जाते आणि गोंधळ वाढतो.

कोपरे सापडत नाहीत अशी तक्रार पहिल्या आठवड्यात होते. जेएलएफचं गेट, म्हणजे दांड्याची हालचाल अडवणारी खालची चौकट, चौकोनी असतं, त्यामुळे दांडा गोल कडेवरून घसरत नाही, कोपऱ्यात जाऊन थांबतो. हा दोष नव्हे. पण हाताला पटलंच नाही तर अष्टकोनी गेट वेगळं मिळतं. पॅक-मॅनसाठी तेच चौकोनी गेट ४५ अंशांनी फिरवून बसवा, मग कोपऱ्यातल्या दिशा बंद होतात आणि वळणावर अडकायला होत नाही.

मेममध्ये टॅब दाबून इनपुटची बटणं नेमा. दोघांसाठी जुळणी करत असाल तर दोन ‘झिरो डिले’ बोर्ड घेऊ नका: दोघांची ओळख एकच असल्याने संगणक पुन्हा सुरू केल्यावर पहिला खेळाडू दुसरा होऊ शकतो. एक तसा आणि एक पिको घ्या, किंवा प्रत्येक केबलचा पोर्ट खूण करून ठरवून ठेवा.