फुकटचा स्पीड

मागच्या मे महिन्यातली नागपूरची फ्लाइट. बोइंग ७३७, मी को-पायलट, लँडिंग माझं होतं, शेजारी कॅप्टन मॅडम. खाली ४३ डिग्री, आणि रनवेच्या दक्षिणेला वळवाचा एक काळा ढग. रडारवर फार मोठा दिसत नव्हता, रनवेपासून लांबही वाटत होता. टॉवरने सांगितलं वारा ३०० डिग्रीवरून १५ नॉट, गस्ट, म्हणजे मधेच येणारे झोत, २८. रनवे ३२, म्हणजे ३२० डिग्रीच्या दिशेचा, तर वारा जवळपास समोरूनच. चला बरंय म्हटलं.

हजार फुटाला सगळं जागेवर होतं, स्पीड १४२ नॉट. ८०० च्या आसपास स्पीड आपोआप वाढायला लागला, १४८, १५५, १५८, विमानपण वर तरंगतंय. माझा हात पॉवरचे लिव्हर मागे घ्यायला निघालाच होता तर मॅडम एवढंच म्हणाल्या, "असू दे." तेव्हाच मला रनवेच्या अलीकडे जमिनीवर धूळ उठताना दिसली, वावटळीसारखी गोल फिरणारी नाही, पीठ सांडल्यावर चौफेर उडतं ना तशी.

मायक्रोबर्स्ट. ढगातून थंड हवा धाडकन खाली येते, जमिनीवर आपटते आणि चारी बाजूंना पसरते. आकार जेमतेम ३-४ किलोमीटर, दहा-पंधरा मिनिटांत खेळ खलास. आधी समोरचा वारा मिळतो म्हणून स्पीड वाढतो, मग हवा खाली दाबते, आणि पलीकडे तोच वारा पाठीमागून येतो. सुरुवातीच्या त्या फुकटच्या स्पीडला भुलून पॉवर कमी केली की संपलं, कारण पुढच्या काही सेकंदांत तो स्पीड व्याजासकट परत जातो. २ ऑगस्ट १९८५ ला डॅलसला डेल्टा १९१ असंच रनवेच्या आधी पडलं, १३७ माणसं गेली. ट्रेनिंगमधे हे इतक्या वेळा ऐकलेलं की पाठ होतं, तरी हात निघालाच होता बघा.

मग स्पीड एकदम १२७. सीट खालून काढून घेतल्यासारखी वाटली आणि कॉकपिटमधे वारा अचानक बदलल्याची वॉर्निंग, "विंडशिअर, विंडशिअर, विंडशिअर". लिव्हर पार पुढे, नाक १५ डिग्री वर, पंख सरळ. चाकं आणि फ्लॅपना (पंखांमागच्या, लिफ्ट वाढवणाऱ्या फळ्या) हात लावायचा नाही, नेहमीच्या गो-अराउंडला, म्हणजे लँडिंग सोडून परत वर जाताना, आपण लगेच वर घेतो पण इथे फ्लॅप कमी केले तर आहे ती लिफ्टपण जाते आणि चुकून टेकलोच तर चाकं खाली असलेली बरी. मॅडम उंचीचे आकडे वाचत होत्या, शांतपणे, किराणा मालाची यादी वाचावी तसे. सर्वात कमी मी ४६० फूट ऐकला. पूर्ण पॉवर लावूनही आपण खालीच चाललोय हे बघणं म्हणजे काय असतं ते सिम्युलेटरमधे कळत नाही, तिथे पोटाला माहीत असतं की खाली हॉलची फरशी आहे.

मग काटा थांबला, वर निघाला.

पंचवीस मिनिटं होल्ड केलं, म्हणजे वरच घिरट्या घातल्या. दुसऱ्यांदा आलो तर वारा ६ नॉट, रनवे ओला, ढग विरलेला, इतकं गुळगुळीत लँडिंग मी वर्षभरात केलं नव्हतं. दारात एक आजोबा मॅडमना म्हणाले, "मघाशी जमलं नाही वाटतं? मुलगा नवीन दिसतोय." मॅडम हसून म्हणाल्या, "हो, शिकतोय."

परत निघताना टेकऑफच्या बाजूला दुसरा ढग आला म्हणून अर्धा तास गेटवरच बसून राहिलो. मागे लोक कुरकुरत होते, अनाउन्समेंट मॅडमनी मला करायला लावली.