‘नवीन सिल’ टाकलेली एमजीबी

मी इंग्लंडात, ऑक्सफर्डशायरमधल्या एका छोट्या वर्कशॉपात जुन्या ब्रिटिश गाड्यांचं पत्राकाम करतो. डेंटिंग शिकलो कोल्हापुरात, उद्यमनगरात. तिथे जीपा आणि ट्रकच्या केबिनी ठोकल्या, इथे एमजी आणि ट्रायम्फ ठोकतो, पत्रा तोच, मालक तेवढे जास्त हळवे.

मागच्या हिवाळ्यात एक रिटायर्ड मास्तर १९७१ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजी कंपनीची उघड्या टपाची स्पोर्ट्स कार घेऊन आले. क्रोम बंपर, गडद हिरवा रंग, पेंट असा की त्यात तोंड बघून दाढी करावी. तक्रार एकच, ड्रायव्हरच्या बाजूचं दार वरच्या मागच्या कोपऱ्यात घासतं, बिजागरं जरा ॲडजस्ट करून द्या. विकणाऱ्याने कागदावर लिहून दिलेलं, दोन्ही सिल नवीन.

सिल म्हणजे दाराखालचा लांब पत्रा, आपले डेंटर रनिंग बोर्ड म्हणतात तो. बऱ्याच जणांना ती शोभेची पट्टी वाटते. पण एमजीबीला वेगळी चासी नाहीच. आधीच्या एमजीएला होती, १९६२ ला एमजीबी आली ती मोनोकॉक, म्हणजे बॉडीच सगळा भार घेते, आणि रोडस्टरला वर छप्पर पण नाही, मग गाडी मधून वाकू नये हे काम कुणी करायचं? मधला टनेल, म्हणजे दोन सीटमधला फरशीचा लांब उंचवटा, आणि दोन बाजूचे सिल. तो सिल पण एक पत्रा नसतो, बाहेरचा पत्रा, आत उभा पत्रा म्हणजे मेम्ब्रेन, आतला सिल आणि खालची पट्टी म्हणजे कॅसल रेल, सगळं मिळून बंद पेटी होते. त्या पेटीत ताकद आहे.

मी बिजागराला हात लावलाच नाही, आधी फट बघितली. दाराची मागची फट वर कागद जाईल एवढी आणि खाली बोट जाईल एवढी. ट्रॉली जॅक गाडीखालच्या मधल्या आडव्या पट्टीच्या, क्रॉस मेंबरच्या, टोकाखाली लावून हळूहळू उचलला तर वरची फट डोळ्यांदेखत उघडायला लागली. चाकं अजून जमिनीवरच होती, म्हणजे बॉडीच मधून वाकत होती! बॉसला हाक मारली. तो आला, बघितलं, आणि काही न बोलता चहा ठेवायला गेला, हे आमच्याकडे फार वाईट लक्षण.

मग चुंबक फिरवला. मधे चिकटतो, दोन्ही टोकांना गळून पडतो, म्हणजे तिथे नुसती पुट्टी. खरा बाहेरचा सिल पुढच्या विंगच्या, म्हणजे मडगार्डच्या, खाली आत जातो आणि मागे रिअर विंगच्या पण आत जातो. नीट काम करायचं तर पुढची विंग बोल्ट काढून उतरवायची आणि मागची खालून कापायची. एवढं कोण करतो, म्हणून कव्हर सिल मिळतात, दिसतो तेवढाच भाग, जुन्या सडक्यावर ठेवायचा, टाके मारायचे, पुट्टी, रंग, झालं नवीन सिल. कागदावरचं अक्षरशः खोटं नव्हतं म्हणा.

मास्तरांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, दरवर्षीच्या तपासणीत कुणी बोललं कसं नाही? तर तपासणी होतच नव्हती. इथे सीटबेल्ट किंवा सस्पेन्शन जिथे बसतं त्याच्या ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा सडलेला असला तर एमओटीत, म्हणजे या वार्षिक तपासणीत, नापास करतात, पण २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना एमओटीची सक्ती नाही. मला विचाराल तर हा नियम उलटा आहे, ज्या गाडीखाली सगळ्यात आधी घुसून बघायला पाहिजे तिलाच सूट. मास्तर म्हणाले सध्या ड्रायव्हरचीच बाजू करू, दुसरी पुढच्या वर्षी. बॉसने सरळ सांगितलं, दोन्ही करणार असाल तर ठेवा, नाहीतर ट्रकवर घालून घरी न्या.

कापायच्या आधीचं काम जास्त महत्त्वाचं. सीटमागच्या सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या काढल्या, सीट, कार्पेट बाहेर. गाडी सस्पेन्शनच्या जागांवर स्टँडला घेतली, मधे जॅकने फट चारी बाजूंनी सारखी केली, आणि मग दाराच्या चौकटीत पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत लोखंडी पाईप वेल्ड केला. हे न करता सिल कापला तर गाडी ज्या आकारात बसेल त्याच आकारात कायमची वेल्ड होते. आणि दोन्ही बाजू एकदम कधीच कापायच्या नाहीत.

कव्हर सिल ग्राइंडरने उघडला आणि आत पिवळा फोम! दाराखिडक्यांच्या फटीत मारतात तोच. ओला, पिळला असता तर पाणी निघालं असतं. सगळा हाताने खरवडून काढावा लागला, कारण ठिणगी पडली की जळतो आणि धूर विषारी. त्याच्या मागे १९७१ चा सिल, म्हणजे त्याची जाळी. मेम्ब्रेन पुढच्या खांबाखाली नव्हताच. तिथे नेहमीच असं होतं, चाकामागच्या स्प्लॅश पॅनलचं रबर गेलं की चिखल आणि रस्त्यावरचं मीठ आत जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं ओलं राहतं. कॅसल रेल झाडूने गोळा केली.

पुढचं काम शांतपणे करायचं. कॅसल रेल, मेम्ब्रेन, मग बाहेरचा सिल, प्रत्येक पत्रा क्लॅम्प लावून आधी दार बंद करून बघायचं. फ्लँजला, म्हणजे पत्र्याच्या दुमडलेल्या कडेला, भोकं पाडून, झिंक प्रायमर मारून मिग वेल्डिंगने भोकं भरायची, एक टाका पुढे तर दुसरा पार मागे, नाहीतर उष्णतेने पत्रा ओढतो. शेवटी आत वॅक्स मारलं, ड्रेनची भोकं मात्र उघडी ठेवून.

मास्तर बघायला आले तेव्हा पाईप कापून काढला होता. गाडी चाकांवर उभी केली, दार दोन बोटांनी ढकललं, खट करून लागलं. त्यांनी पाच-सहा वेळा उघडून लावून बघितलं, लहान मुलासारखे खूश. मग डाव्या बाजूकडे बघून विचारलं, तिकडे पण फोम असेल का हो?

तिकडे फोम नव्हता. सिमेंट होतं.