नदीच्या बांधावरून, पस्तीसच्या वेगानं

सॅक्रामेंटो नदीच्या पश्चिमेच्या बांधावर सकाळी साडेआठला आम्ही दोघांनी इंजिनं सुरू केली, तेव्हा वारा अजिबात नव्हता. मे महिन्यातला शनिवार. रस्ता बांधाच्या माथ्यावरून जातो. डाव्या हाताला नदी आणि उजव्या हाताला शेतं. यातली काही शेतं नदीच्या पाण्यापेक्षा खाली आहेत, हे पहिल्यांदा बघताना डोळ्यांना पटत नाही.

मी आणि माझा एक मित्र, मूळचा नागपूरचा. दोघांच्याही साध्या 26 इंची सायकली, आणि दोघींना 66 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिनाचं किट बसवलेलं. कॅलिफोर्नियात अशा सायकलीला 'मोटराइज्ड बायसिकल' म्हणून वेगळी नंबर प्लेट मिळते. पायडल चालू स्थितीत असावं लागतं, ताकद 4 हॉर्सपॉवरच्या आत आणि सपाटीवरचा वेग ताशी 30 मैल, म्हणजे 48 किलोमीटरच्या वर जाता कामा नये. चालवायला मोटरसायकलचं लायसन्स आणि डोक्यावर हेल्मेट हवं. हे सगळं रीतसर केलं होतं. ठरवायचं एवढंच होतं, की सत्तरेक किलोमीटरवरच्या रिओ व्हिस्टाच्या पुलापर्यंत जाऊन परत यायचं तर कुठल्या वेगानं चालवायचं.

हा प्रश्न मला लहानपणापासून माहीत आहे. मिरजेला बाबांकडे लुना होती. कायनेटिकनं 1972 साली अहमदनगरला काढलेली ही गाडी म्हणजे मुळात इंजिन बसवलेली सायकलच, पायडलसकट. बाबा मला मागं बसवून सांगलीला न्यायचे आणि रस्ताभर एक्सलेटर असा धरायचे, की आवाज जराही वरखाली होत नसे. मी कॉलेजात गेल्यावर लुना माझ्या हातात आली आणि मी ती पिळायला लागलो, तेव्हा ते एकदाच म्हणाले, "काट्याकडं काय बघतोस? कान कुठायत तुझे?" त्यांना आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे, किती ते ठाऊक नव्हतं. पण इंजिन कुठं खूश आहे हे अचूक कळायचं.

मला ते आकड्यात हवं होतं, म्हणून या खेपेला दोन्ही सायकलींना छोटा टॅकोमीटर लावला. त्याची एक वायर प्लगच्या वायरीला गुंडाळायची. टू-स्ट्रोकला दर फेऱ्याला एक ठिणगी पडते, त्या मोजून तो आकडा दाखवतो. हिशेब घरीही करता येतो. या इंजिनात आतले गियर 20 आणि 82 दात्यांचे असतात, म्हणजे 4.1 पट. बाहेर चेनचं पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चक्र, 10 दात्यांचं, मागचं किटबरोबर 44 दात्यांचं येतं. दोन्हींचा गुणाकार 18 च्या आसपास. चाक एकदा फिरायला इंजिन 18 वेळा फिरतं. माझं चाक खडूची खूण करून अंगणात फिरवलं, तर एका फेऱ्यात 2.06 मीटर पुढं गेलं. त्यावरून 44 दात्यांना ताशी 35 किलोमीटरला सुमारे 5,100 आरपीएम पडतात.

मित्राच्या सायकलीला हेच 44 दाते होते. मी मात्र हिवाळ्यात मागं 36 दात्यांचं स्प्रॉकेट बसवून घेतलं होतं. त्यामुळं माझं इंजिन त्याच 35 ला 4,200 च्या थोडं खालीच फिरत होतं. निघताना मला वाटत होतं की मी जिंकलोय.

क्लार्क्सबर्गपर्यंत तसंच वाटत राहिलं. बीटापासून साखर करणारा जुना कारखाना तिथं अजून उभा आहे. आता त्यात साखरेच्या जागी वाइनच्या खोल्या आहेत. तिथं थांबलो तेव्हा मित्र हात झटकत होता. "मुंग्या येऊन राहिल्या बे," म्हणाला. तो 38 नं चालला होता, म्हणजे साडेपाच हजारांच्या वर. या इंजिनात एकच सिलिंडर असतो आणि त्याचा धक्का मारायला समोर काहीच नसतं. पिस्टनचा प्रत्येक हेलकावा फ्रेममधून सरळ मुठीत येतो. ताकद अजून शिल्लक असते, पण तळहात आधी हरतो.

माझ्या सायकलीवर मला एक वेगळं साधन सापडलं. डाव्या हँडलला छोटा आरसा आहे. 3,700 च्या आसपास मागचं मडगार्ड गुणगुणायला लागतं आणि आरशातली झाडं थरथरतात. 4,100 ओलांडले की एकदम सगळं शांत होतं. मागचा रस्ता, त्यावरची पिवळी रेघ, लांबून येणारा ट्रक, सगळं आरशात स्वच्छ दिसतं. हे 4,800 पर्यंत टिकतं. मग हळूहळू कडा विरघळायला लागतात आणि 5,200 ला आरशात नुसता हिरवा लोळ उरतो. माझ्या दात्यांवर 4,100 ते 4,800 म्हणजे 34 ते 40 किलोमीटर. प्रत्येक सायकलीचा हा पट्टा वेगळा असणार, कारण फ्रेम वेगळी, इंजिन आवळलेल्या पट्ट्या वेगळ्या. पण पट्टा असतो नक्की, आणि तो आरशात दिसतो.

पेंटर्सव्हिलच्या पुलावरून पूर्वेच्या काठावर आलो. पेअरच्या बागा सुरू झाल्या. फळं अजून सुपारीएवढी. इथं वेगाबद्दल आणखी एक गोष्ट कळली. एक्सलेटर अगदी हलका धरला, की टू-स्ट्रोक दर फेऱ्याला पेटत नाही, एकाआड एक पेटतं. फायरिंगचा आवाज फुटतो, बडबड केल्यासारखा. जरा पीळ दिला की तो जुळून एकसलग होतो. या जुळण्याच्या जरासंच पुढं हात ठेवायचा. तिथं इंजिनावर थोडं ओझं असतं, पण ते ओढून घेतं. दोन तास मी तिथंच हात ठेवला होता आणि दोन तासांत माझं लक्ष एकदाही इंजिनाकडं गेलं नाही. नदीत पाण्याबाहेर डोकावणारं कोल्ह्याच्या तोंडाचं काहीतरी दिसलं. ते पाणमांजर होतं, हे ते उताणं होऊन मासा खायला लागलं तेव्हा कळलं. गाडीतून 90 नं जाताना ते दिसलं नसतं.

लॉकला सक्तीचा थांबा घेतला. हे गाव 1915 मध्ये चिनी लोकांनी वसवलं. शेजारच्या वॉलनट ग्रोव्हमधली त्यांची वस्ती जळाली होती. 1913 च्या कायद्यानं त्यांना कॅलिफोर्नियात जमीन विकत घेता येत नव्हती, म्हणून लॉक कुटुंबाच्या जमिनीवर नुसत्या बोलीवर घरं उभी राहिली. घरं यांची, माती दुसऱ्याची. नदीचे हे जुने बांध घालायला ज्यांनी कंबरभर चिखलात काम केलं, त्यांत चिनी मजूर फार मोठ्या संख्येनं होते, हे लक्षात घेतलं की मन खट्टू होतं. याच कायद्याचा फटका पुढं इथल्या पंजाबी शेतकऱ्यांनाही बसला. मुख्य रस्ता चिंचोळा, दुतर्फा लाकडी माड्या, काही एकमेकींकडं कललेल्या. तिथं आम्ही इंजिन बंद करून सायकली हातानं ढकलत नेल्या. त्या गल्लीत टू-स्ट्रोकचा आवाज करणं बरं वाटलं नाही.

गावाबाहेर पिशवीतून दहाचा पाना काढला. मित्राच्या सायलेन्सरचा एक नट जवळजवळ निघून आला होता, इंजिनाच्या पट्टीचा एक सैल. माझे सगळे घट्ट. दोघांचं किट एकाच दुकानातलं, बसवलेलं एकाच दुपारी. फरक होता तो आरपीएमचा.

वॉलनट ग्रोव्हचा पूल नेमका आमच्यासमोर उघडला. एका शिडाच्या बोटीला जायचं होतं. रस्ता हळूहळू आकाशात उभा राहिला आणि आम्ही इंजिन बंद करून त्याच्या पायाशी थांबलो. सिलिंडरच्या पात्या थंड होताना टिक टिक आवाज करत होत्या. पूल खाली आल्यावर पुन्हा पायडल मारून, क्लच सोडून सुरू केलं. मागं गाड्यांची रांग होती. दुपदरी रस्त्यावर मागं पाच गाड्या साचल्या, तर हळू वाहनानं पहिली मोकळी जागा बघून बाजूला व्हायचं, असा इथला नियम आहे. आम्ही तो दिवसभर पाळला. या रस्त्यावर काही ठिकाणी गाड्यांना ताशी 88 पर्यंत मुभा आहे आणि कडेला पट्टाच नाही. पस्तीसनं जाणाऱ्यानं आपला हट्ट तिथं सोडावा.

आयल्टनपर्यंत बारा वाजून गेले आणि वारा सुटला.

याला इथं डेल्टा ब्रीझ म्हणतात. दुपारी आतलं खोरं तापतं, तिथली हवा वर जाते, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकडची गार हवा कार्किनेझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून आत ओढली जाते. रिओ व्हिस्टापलीकडच्या माँटेझुमा टेकड्यांवर पवनचक्क्यांचं जंगल उभं आहे, ते उगीच नाही. आमचा रस्ता नेमका त्या चक्क्यांच्या दिशेनं, नैऋत्येला. वेग 35 असताना समोरून 15 चा वारा आला, तर अंगावर 50 ची हवा येते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो.

माझं इंजिन गुदमरलं. 33 झाले, 30 झाले, मग 27. टॅकोमीटर 3,200 वर. पूर्ण एक्सलेटर देऊनही ओढत नव्हतं, आवाज जाड, धपधप. आरसा पुन्हा थरथरायला लागला. आणि शेजारून मित्र शांतपणे 30 नं पुढं गेला. त्याचं इंजिन 4,400 ला होतं, बरोबर त्याच्या सुखाच्या जागी. सकाळी ज्या 44 दात्यांनी त्याचे हात बधिर केले, त्याच दात्यांनी वाऱ्यात त्याला तारलं. मी नको इतकं लहान स्प्रॉकेट घेतलं होतं, आणि बिनवाऱ्याच्या सकाळीनं ते मला कळू दिलं नव्हतं.

मग पायडल मारले. या यंत्राला पायडल असतात ते फक्त नंबर प्लेटसाठी नसतात. पायांनी फार ताकद देता येत नाही, पण 66 सीसीला तेवढ्यानंही श्वास मिळतो. 3,200 चे 3,500 झाले, आवाज पातळ झाला. मात्र धपधपतं इंजिन पूर्ण एक्सलेटरवर तसंच ओढत राहू नये, त्यानं ते तापतं. मी दोनदा थांबून त्याला गार होऊ दिलं. प्लग काढून पाहिला, चहात बुडवलेल्या बिस्किटाचा रंग होता. पेट्रोल-ऑइलचं मिश्रणही ठीक होतं, 32 ला 1, म्हणजे गॅलनला 4 औंस ऑइल. चूक गुणोत्तराचीच होती.

रिओ व्हिस्टाच्या पुलाच्या अलीकडं, बांधाच्या उतारावर बसून पोळी-भाजी खाल्ली. पुलावर ट्रकांची रीघ होती, आम्ही तो ओलांडला नाही. 1985 मध्ये हंफ्री नावाचा एक हंपबॅक देवमासा वाट चुकून समुद्रातून या पुलाखालून वर गेला होता आणि त्याला परत वळवायला लोकांना आठवडे लागले होते. पाण्याकडं बघताना एवढं मोठं जनावर इथं कसं मावलं असेल, असंच वाटत राहतं.

परतीला वारा पाठीशी. माझे 36 दाते पुन्हा राजा झाले: 40 चा वेग, 4,800 आरपीएम, एक्सलेटर पाव. मित्र 36 च्या वर जाईना, त्याचे हात नको म्हणत होते. मी खाली आलो आणि दोघं पस्तीसनं निघालो. त्याचं इंजिन 5,100 ला, माझं 4,200 ला, दोन वेगळ्या सुरांत. वाटेत ठरवलं की दोघांनी 40 दात्यांचं घ्यायचं. त्यावर 35 ला 4,650 च्या आसपास पडतील, आणि वाऱ्यात 31 पर्यंत उतरलो तरी 4,100 राहतील.

क्लार्क्सबर्गला संध्याकाळचे साडेपाच झाले होते. मिरजेला रविवारची पहाट, सहा. बाबा त्या वेळी उठून चहा पीत असतात. मी सायकल स्टँडला लावली, चाक हवेत ठेवून इंजिन 4,500 ला स्थिर धरलं आणि फोनवर दहाएक सेकंद आवाज रेकॉर्ड करून त्यांना पाठवला. सोबत काहीच लिहिलं नाही.

पाच मिनिटांनी उत्तर आलं. "हां, इथंच धर. पण चेन सैल आहे बघ."

खाली वाकून चेन मधोमध बोटानं दाबली. चांगली दीड इंच खाली गेली.