फार्मसीची पाटी: खालचा थर खालीच ठेवला

पणजीतल्या फार्मसीच्या पाटीचं काम पाऊस सरल्यावर पुन्हा हातात घेतलं. आता ती भिंतीवर परत चढवण्याजोगी झाली आहे. वरचा रंग खरवडून खालची पोर्तुगीज अक्षरं बाहेर काढणार का, असं मागच्या वेळी बऱ्याच जणांनी विचारलं होतं. नाही काढणार. कारण सांगतो.

पाटी सागवानी, दोन फळ्या जोडून केलेली. हिरव्या जमिनीवर पिवळी देवनागरी अक्षरं, त्याखाली बारीक इंग्रजी. खोलीत अंधार करून टॉर्च पाटीला टेकवून आडवा धरला की दुसरीच पाटी वर येते. हिरव्या रंगाखालून जुन्या जाड रंगाच्या कडा सावली टाकतात आणि मोठ्या रोमन अक्षरांत ‘फार्मासिया’ वाचता येतं. पहिलं अक्षर एफ. पोर्तुगीज शुद्धलेखन 1911 साली बदललं, त्याआधी हा शब्द पी-एचने लिहीत. सुधारणा झाली म्हणून सगळ्यांनी लगेच पाट्या बदलल्या असतील असं नाही, त्यामुळे पी-एच दिसला तर पाटी त्याआधीचीच, असं छातीठोक सांगता येत नाही. एफ दिसला तर मात्र ती बहुधा 1911 नंतरची धरायला हरकत नाही.

वरच्या थराचं वय पत्त्यावरून जास्त नेमकं कळतं. ‘पणजी, गोवा, दमण आणि दीव’ असं लिहिलंय, म्हणजे डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला त्यानंतरची आणि 30 मे 1987 ला गोवा राज्य झालं त्याआधीची. पिनकोड नाही. तो 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला. म्हणजे हा थर बहुधा मुक्तीनंतरच्या पहिल्या दहा-अकरा वर्षांतला.

आणि इथेच माझा निर्णय झाला. पोर्तुगीजांची 451 वर्षांची राजवट संपल्यावर एका दुकानदाराने, त्याच फळीवर, आपलं दुकान देवनागरीत लिहून घेतलं. ही गोष्ट खालच्या अक्षरांइतकीच पणजीची आहे. जुन्या पाट्या म्हटलं की सगळ्यांची नजर पोर्तुगीजकडे जाते. मळ्यात, म्हणजे फोंतायन्हासला, लोक निळ्या-पांढऱ्या टाइल्सच्या नावपट्ट्यांचे फोटो काढतात, पण त्यातल्या बऱ्याचशा गेल्या पंचवीस-तीस वर्षांतल्या आहेत. सुंदर आहेत, त्यांना नावं ठेवत नाही. पण साठ-सत्तरच्या दशकात आपल्या पेंटरांनी हाताने रंगवलेल्या मराठी पाट्या कुणी मोजतही नाही, आणि रोज एखादी उतरवून तिच्या जागी फ्लेक्स लागतो.

त्या पेंटरचा हात जवळून बघा. शिरोरेषेच्या बरोबर वर खडूच्या दोरीची पुसट रेघ अजून आहे. ‘र्म’चा रफार त्याने एका दमात ओढलाय, ब्रश उचलला तिथे रंगाचा बारीक थेंब सुकून राहिलाय. उजव्या कोपऱ्यात ‘पेंटर’ एवढंच उरलंय, पुढचं नाव पागोळ्यांनी नेलं. खरवडलं असतं तर हे सगळं धुरळ्यात गेलं असतं.

कामाचा तपशील. पाटीला पॉलिशपेपर अजिबात लावला नाही. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असण्याची दाट शक्यता असते, त्याची धूळ फुफ्फुसांत जाऊ द्यायची नाही. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचा थेंब, कापसाच्या काड्या, आधी कोपऱ्यात चाचणी, मग पुढे. थिनर लांब ठेवा. सुटलेल्या पापुद्र्यांवर जपानी टिश्यू (पातळ, चिवट कागद) ठेवून त्यातून पॅरालॉइड बी-72 या पारदर्शक ऍक्रिलिक रेझिनचं ऍसिटोनमधलं साधारण 5 टक्क्यांचं द्रावण बारीक ब्रशने सोडलं. पापुद्रे मऊ झाले की हलक्या बोटाने बसवले. यासाठीच पाऊस जायची वाट पाहिली: ऍसिटोन झटकन उडतो, पृष्ठभाग गार होतो, हवेतला दमटपणा त्यावर धरतो आणि फिल्म पांढुरकी पडते. आपल्याकडच्या जुलैत हे काम करूच नये.

खालची कड वाळवीने खाल्ली होती. तेवढाच तुकडा काढून जुन्या सागाची पट्टी बसवली आणि ती साध्या हिरव्या रंगात ठेवली. अक्षरं पुन्हा भरलेली नाहीत. गेलेलं गेलं. गंजके खिळे काढून स्टेनलेसचे स्क्रू घातले. पाटी भिंतीपासून बोटभर सुटी राहील असे ठोकळे मागे दिलेत, म्हणजे हवा खेळेल आणि चिऱ्याच्या भिंतीची ओल लाकडात उतरणार नाही.

दुकानदार काका म्हणाले, “अहो, फ्लेक्स घातला असता तर एका दिवसात मोकळे झालो असतो.” त्यांना टॉर्च धरून खालची अक्षरं दाखवली. बराच वेळ बघत राहिले, मग मुलाला हाक मारली. पाटी दारावर परत लागणार आहे, फ्लेक्स कडेच्या भिंतीवर जाईल.

हातात दुसरी पाटी आहे ती म्हापशाची, मिन्याच्या (काचेसारखा लेप भाजून बसवलेल्या) पत्र्याची. तिच्या कडेच्या गंजाला टॅनिक ऍसिड लावून झालंय, गंज काळा होऊन थांबलेला दिसतो. मेणाचा हात बाकी आहे.

कुणाच्या घरी 1972 च्या आधीचे पणजीच्या बाजाराचे फोटो असतील, लग्नाच्या वरातीचे का असेनात, तर मागे दिसणाऱ्या पाट्या मोठ्या करून बघा. पेंटरचं नाव कुठे वाचता आलं तर मला हवंय.